कायमचं गिऱ्हाईक

माझ्या आत्याने तेवीस वर्षं नोकरी केली आणि त्या तेवीस वर्षांत तिला नोकरी आहे हे आमच्या घरात कोणालाच कळलं नाही. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की ती रोज सकाळी साडेदहाला नीटनेटकी तयार होऊन, खांद्याला पर्स अडकवून मॉलमधल्या मोठ्या दुकानात जाते आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी येते. माझी आई म्हणायची, "ताईंचं अर्धं आयुष्य दुकानात गेलं." म्हणताना ती नाक मुरडायची. पुढे कळलं की वाक्य अक्षरशः खरं होतं, नाक तेवढं उगाच मुरडलं गेलं.

मोठं दुकान म्हणजे त्या मॉलचा कणा. मॉलच्या एका अंगाला तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळं त्यांचंच. खाली अत्तरं आणि पर्स, त्याच्यावर कपडे, त्याच्यावर भांडीकुंडी आणि पडदे, सगळ्यात वर सोफे आणि पलंग. बाकीची दुकानं म्हणजे या हत्तीच्या पाठीवर बसलेली पाखरं. आणि आत्या तिथे चोर पकडायची. साध्या वेशात, गिऱ्हाईक बनून. अट एकच होती, ही गोष्ट जिवात जीव असेपर्यंत कोणाला सांगायची नाही. आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, तेवढी माहीत होती. पण आतोबा जमीन मोजणीच्या खात्यात होते, आणि त्यांच्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे जमिनीत पुरलेला हद्दीचा दगड. हलायचं नाव नाही.

आत्याचं काम बघायला सोपं आणि करायला कठीण होतं. तासन् तास हिंडायचं, पण हिंडतोय असं दिसू द्यायचं नाही. एखादा कोट उचलायचा, कापड बोटांत चुरडून बघायचं, किंमत वाचायची, भुवया वर करायच्या, कोट जागेवर ठेवायचा. भुवया वर करणं सगळ्यात महत्त्वाचं, असं ती सांगते. खरं गिऱ्हाईक किंमत वाचल्यावर नेहमी दुखावतं. चोराला किमतीचं सोयरसुतक नसतं. तो आधी माणसं बघतो, मग छत बघतो, मग वस्तू.

आणि ती पकडायचीसुद्धा अशी, की पकडलेल्या माणसाला आपण पकडलो गेलो हे घरी पोचल्यावर कळावं. शेजारी जाऊन हळूच म्हणायची, "ताई, पिशवीत ठेवलंत ते काउंटरवर दाखवायचं राहिलं वाटतं." बहुतेक जण दाखवायचे, किंवा गुपचूप परत ठेवायचे. एकदा भर उन्हाळ्यात एक गृहस्थ ट्रायल रूममधून तीन स्वेटर एकावर एक घालून बाहेर आले. आत्याने त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि तब्येतीची चौकशी करत राहिली. तिसऱ्या ग्लासाला त्यांनी स्वतःहून पहिला स्वेटर उतरवला. आणखी एकाने पँटच्या पायात लांब दांड्याची छत्री घातली होती आणि तो एक पाय ताठ ठेवून दरवाज्याकडे निघाला होता. आत्याने त्याला हाताला धरून खुर्चीपाशी नेलं आणि बसायचा आग्रह केला. त्याला बसता येईना. गुडघ्याचं दुखणं वाईट, असं म्हणत ती शेजारी उभी राहिली. शेवटी त्याने छत्री काढली आणि बसला.

या सगळ्याचा घरी अर्थ असा लागायचा, की आत्या एक तर उधळी आहे किंवा महाचिकट. उधळी म्हणावी तर हातात कधी पिशवी नाही, आणि चिकट म्हणावी तर रोज दुकानात काय करते? माझ्या आईने दोन्ही मतं आळीपाळीने बाळगली. इतकी वर्षं दुकानात काढून या बाईने भावजयीसाठी एक टॉवेल आणला नाही, हे तिचं कायमचं दुःख होतं. बाबा बहिणीची बाजू घ्यायचे, पण त्यांच्याकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणायचे, तिला दुकानं आवडतात, आवडू दे.

मग दिवस फिरले. लोक दुकानात यायचे, कापड चुरडून बघायचे, पायात बूट घालून चार पावलं चालायचे, बुटाचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन तोच बूट फोनवर मागवायचे. दुकान म्हणजे नुसतं बघायचं प्रदर्शन झालं. आधी तिसरा मजला बंद झाला, सोफे गोदामात गेले. मग दुसरा. उरलेलं सगळं खाली आणलं, तेव्हा बुटांशेजारी उश्या आणि अत्तरांशेजारी कुकर अशी मांडणी झाली. सरकता जिना चालू होता, पण तो वर एका पुठ्ठ्याच्या भिंतीपाशी सोडायचा. लोक वर जायचे, भिंत बघायचे आणि दुसऱ्या बाजूने खाली यायचे.

गिऱ्हाईकं गेली तसे चोरही गेले. आत्याच्या ओळखीचे एक चष्मेवाले गृहस्थ होते, दर दोन-तीन महिन्यांनी मोजे उचलायचे आणि तिने सांगितलं की परत ठेवायचे. वर्षानुवर्षांचा परिचय. ते येईनासे झाले. एक दिवस रस्त्यात भेटले तेव्हा आत्याने न राहवून विचारलं, की हल्ली दिसत नाही, बरे आहात ना. ते जरा संकोचले आणि म्हणाले, "खरं सांगू का बाई, तुमच्याकडे आता मापाचं काही मिळत नाही."

आत्या त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

त्यातच दुकानात नवा साहेब आला. वयाने तिशीच्या आतला, सूट चापूनचोपून, आणि दुकान वर काढायचं असा पण करून आलेला. आत्याला नोकरीवर ठेवणारे जुने सुरक्षा अधिकारी कधीच निवृत्त झाले होते, आणि तिची नोंद कुठल्याशा कागदावर फक्त 'विशेष कर्मचारी, क्रमांक तीन' एवढीच होती. तेव्हा ही बाई कोण हे सांगणारं दुकानात कोणी उरलं नव्हतं. साहेबाने खोलीत बसून कॅमेऱ्यांचं महिन्याभराचं चित्रण बघितलं. त्याला दिसलं, की ओस पडलेल्या दुकानात एक बाई रोज येते. रोज. सात-सात तास थांबते. प्रत्येक वस्तू हातात घेते, प्रेमाने निरखते आणि किंमत वाचून दुखावते. साहेबाचे डोळे भरून आले म्हणतात.

दुकानाचा वर्धापनदिन आला तेव्हा त्याने आत्याला सर्वांत निष्ठावान ग्राहक म्हणून जाहीर केलं. ती नेहमीप्रमाणे कुकरचं झाकण उघडून एका बाईच्या पिशवीवर लक्ष ठेवून होती, तेवढ्यात दोघे जण पुष्पगुच्छ घेऊन आले आणि तिला धरून दरवाज्यापाशी नेलं. खरं सांगावं तर अट मोडते, न सांगावं तर फसवणूक होते. आत्याने अट पाळली. तिला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की या दुकानातून पाऊल निघत नाही, निदान साडेसहापर्यंत तरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिशवीवाली बाई दरम्यान कुकर घेऊन गेली.

आठवड्याभरात दरवाज्यापाशी आत्याचा माणसाएवढा फोटो लागला, हातात पुष्पगुच्छ आणि चेहऱ्यावर गुन्हेगाराचे भाव. आईला हे कळल्यावर तिला आकाश ठेंगणं झालं. तिने बाबांना, मला आणि शेजारच्या दोघींना मुद्दाम मॉलमध्ये नेलं आणि फोटोसमोर उभं करून म्हणाली, बघा, मी सांगत नव्हते? आता तर दुकानानेच शिक्का मारला. बाबा बराच वेळ फोटोकडे बघत होते. मग म्हणाले, पुष्पगुच्छ चांगला आहे.

फोटो लागून तीन महिने झाले नाहीत तोच वरून पत्र आलं, दुकान बंद. साहेब बिचारा एकेका कर्मचाऱ्याला स्वतः पत्र देत होता. यादीच्या शेवटी 'विशेष कर्मचारी, क्रमांक तीन' होतं. त्याने दोन दिवस या माणसाचा शोध घेतला. तिसऱ्या दिवशी आत्या स्वतःच त्याच्या खोलीत गेली आणि हात पुढे केला.

"मॅडम, हे ग्राहकांसाठी नाहीये," साहेब म्हणाला.

"माहीत आहे. तीन नंबरची मी."

साहेबाने कागद बघितला, आत्याला बघितलं, आणि काचेतून दरवाज्याजवळचा फोटो बघितला. "म्हणजे तुम्ही आमचं गिऱ्हाईक नव्हता?"

आत्या सांगते, की नोकरी गेल्याचं दुःख तिला नंतर झालं. त्या क्षणी तिला त्या पोराची दया आली. ती म्हणाली, पर्स मी इथलीच घेतलीये, आणि ते खरंही होतं.

अशा रीतीने गुपित फुटलं. आईवर तर आकाशच कोसळलं. तेवीस वर्षं नाक मुरडलं ते सगळं वाया गेलं, आणि वर नणंद कमावती निघाली. तिने आठ दिवस अबोला धरला. नक्की कोणावर, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आत्याचं घरात काही केल्या मन रमेना. हाताला सवय, नजरेला सवय. आतोबांचे कपाटातले शर्ट ती बोटांत चुरडून बघायची आणि कॉलरमागे किंमत शोधायची. आतोबा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की ही चार पावलं मागे. त्यांनी एकदा विचारलं, अगं, मी काय घेऊन पळणार आहे? आमच्याकडे चहाला आली, तर बोलता बोलता बाबांकडे झुकून हळूच म्हणाली, "दादा, खिशात ठेवलंस ते बशीत ठेवायचं राहिलं वाटतं." बाबांच्या खिशातून तीन क्रीमची बिस्किटं निघाली. बाबांना साखरेचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी सगळं गोड बंद केलं होतं. त्या दिवसापासून आईचा अबोला सुटला. आत्या रोज चहाला आली तरी तिची ना नव्हती.

पण आत्याला जायचं होतं मॉलमध्येच. तीन-चार महिन्यांनी ती गेली. मोठ्या दुकानाचे चारही मजले रिकामे, पाखरं हत्तीच्या मागोमाग उडालेली. मॉलच्या मॅनेजरबाई हाती लागेल त्याला जागा देत होत्या. जिथे कपडे होते तिथे एका बाजूला दातांचा दवाखाना आला होता, दुसऱ्या बाजूला डोळे तपासणारे, पुढे फिजिओथेरपी, आणि जुन्या ट्रायल रूमांमध्ये परदेशी भाषा शिकवणारे एक सर, एका खोलीत एक विद्यार्थी. वर सोफ्यांच्या जागी बॅडमिंटन. मधूनच एखादं फूल कठड्यावरून गिरक्या घेत तळमजल्यावर पडायचं.

आत्या जिन्याने वर आली, पाय दुखले, म्हणून दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर टेकली. आत कोणी नव्हतं. दवाखान्याची बाहेरची भिंत काचेची. आणि आत्या गिऱ्हाईक दिसण्यात मुरलेली. बसल्या बसल्या तिचा हात आपोआप गालाकडे गेला, चेहरा जरासा कसनुसा झाला. बाहेरून जाणाऱ्या एका जोडप्याने बघितलं, अरे, हा दवाखाना चालू आहे वाटतं, म्हणून ते आत आले. त्यांच्यामागे आणखी एक जण. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं तर बाहेर चार माणसं. दवाखाना उघडून दीड महिना झाला होता आणि चार माणसं एकदम त्यांनी फक्त उद्घाटनाला पाहिली होती.

तिघांचे दात बघून झाल्यावर त्या आत्याकडे वळल्या. आत्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की दात ठीक आहेत, पाय दुखले म्हणून बसले. डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, "काकू, उद्या पण पाय दुखतील का?"

असा नवा व्यवसाय सुरू झाला. अकरा ते साडेबारा दातांच्या दवाखान्यात. ही बातमी शेजारी गेली, मग डोळेवाल्यांनी बोलावलं, मग फिजिओथेरपीवाल्यांनी. एका जागी एक रूप. दातांकडे गाल धरायचा, डोळ्यांकडे फळ्यावरचं सगळ्यात खालचं अक्षर वाचायचा प्रयत्न करत डोळे बारीक करायचे, फिजिओथेरपीकडे कमरेवर हात ठेवून लंगडत शिरायचं आणि, यात खरी कला होती, बाहेर पडताना जरा कमी लंगडायचं. भाषावाल्या सरांकडे ती पहिल्याच खोलीत बसायची. तिथे तिला सहा महिन्यांत 'माझी छत्री स्टेशनवर राहिली आहे' एवढं एक वाक्य अस्खलित बोलता यायला लागलं. कुठली भाषा हे तिने विचारलं नव्हतं.

आतोबांना हे फारसं पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, की जिथे हद्द नाही तिथे खूण रोवू नये. आत्या म्हणायची, मी कोणाला ओढून आणत नाही, नुसती बसते. पण रात्री कूस बदलता बदलता तिलाही वाटायचं, की आयुष्यभर ज्यांना पकडलं त्यांच्याच रांगेत आपण जाऊन बसलोय. त्यांच्या पिशवीत निदान वस्तू असायची.

गोष्ट बिघडली ती एका आजींमुळे. या आजी मॉलच्या मागच्या इमारतीत एकट्या राहायच्या आणि रोज मॉलमध्ये फेऱ्या मारायला यायच्या. त्यांनी सोमवारी आत्याला गाल धरून बसलेलं पाहिलं. मंगळवारी लंगडताना पाहिलं. बुधवारी ती भिंतीवरचं हाताएवढं अक्षर ओळखू शकत नव्हती. गुरुवारी ती ट्रायल रूममध्ये बसून एकटीच काहीतरी न कळणारं बडबडत होती. आजींनी चार दिवसांची बेरीज केली आणि ओळखलं, की ही बाई आता काही दिवसांची सोबती आहे.

शुक्रवारी त्या डब्यातून गरम सूप घेऊन दातांच्या दवाखान्यात आल्या आणि आत्याशेजारी बसल्या. काही विचारलं नाही, नुसता हात हातात घेतला. आत्याला वाटलं, एकट्या असतील, बोलावंसं वाटत असेल. ती गप्पा मारू लागली. तीन स्वेटरवाल्याची गोष्ट सांगितली, छत्रीवाल्याची सांगितली, अर्थात आपण तिथे कोण होतो ते गाळून. आजी हसून हसून खोकल्या आणि नंतर रुमालाने डोळे पुसले. आत्या समजली, हसून पाणी आलं.

दुसऱ्या आठवड्यात आजींनी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींना सगळं सांगितलं. त्या बाईला घरचं कोणी बघत नसावं, नेहमी एकटीच असते. आळीपाळीने जाऊन बसू या. पण आळीपाळीने कोणी गेलं नाही, सगळेच गेले. गोष्टी ऐकायला बऱ्या होत्या, खोलीत ऊब होती आणि खुर्च्या फुकट होत्या. मंगळवारी अकराला दातांच्या वेटिंग रूममध्ये आत्या धरून सात माणसं दाटीवाटीने बसली होती, तीन डबे आणि एक उशी घेऊन. काचेबाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गावात दातांची साथ आली आहे.

डॉक्टरीणबाईंनी उत्साहाने दार उघडलं आणि विचारलं, पुढचं कोण?

कोणी उठेना. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आजी म्हणाल्या, "यांना घ्या आधी. या रोज दुसऱ्यांना पुढे जाऊ देतात, मी बघतेय." आत्या म्हणाली, मला घाई नाही. आजी म्हणाल्या, तुम्हालाच सगळ्यात जास्त घाई आहे. आणि सहा जणांनी मिळून, काहींनी कोपरापाशी धरून आणि काहींनी मागून लोटून, आत्याला आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. उशी तिच्या डोक्याखाली सरकवली. मग बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

आत दोघीच. डॉक्टरीणबाई कुजबुजत म्हणाल्या, आता काय करायचं? आत्या म्हणाली, आता जाऊन खरं सांगायचं, दुसरं काय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान पाच मिनिटं थांबा, लगेच बाहेर गेलात तर बरं दिसणार नाही. तोवर तोंड उघडा, बसलाच आहात तर बघते. त्यांनी दिवा लावला आणि आरसा घातला.

"काकू, खालची मागची दाढ पार किडलीये. दुखत नाही?"

आत्याला आठवलं, की सहा महिने ती ज्या बाजूचा गाल धरत होती ती बाजू तिने स्वतः निवडली नव्हती. हात आपोआप तिकडे जायचा.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. दाढ निघाली. आत्या बाहेर आली तेव्हा अर्धा चेहरा बधिर, गाल खरोखरच सुजलेला आणि तोंडात कापूस. बाहेर सहा जण उभे राहिले. पण तिचा निश्चय झाला होता. ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"मी फेफंत नाइ. मला काइ झालं नाइ. मला फगार मिलतो."

आजी रडू लागल्या. मागच्या एका गृहस्थांनी सगळ्यांना हळू आवाजात समजावलं, की शेवटी शेवटी वाचा जाते. आत्या पुन्हा तेच म्हणाली, जरा जोरात, तेव्हा कापूस पडला आणि आणखी दोघे रडायला लागले. अखेर तिने डॉक्टरीणबाईंचा औषधं लिहायचा कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मी आजारी नाही. इथे बसून गिऱ्हाईक दिसायचे मला पैसे मिळतात. मला क्षमा करा.

कागद सहा हातांतून फिरला. आजींनी दोनदा वाचला.

"म्हणजे तुम्ही मरणार नाही?"

आत्याने मानेने नाही म्हटलं.

"मग मी रोज भाज्या चिरत होते ती कशासाठी?" असं म्हणून आजींनी डबा उचलला आणि त्या निघून गेल्या. बाकीचेही एकेक करून गेले. शेवटचे गृहस्थ उशी न्यायला परत आले, कारण ती त्यांची होती.

आत्या त्या दिवशी आमच्या घरी आली, चहा बशीतून एका बाजूने प्यायली आणि बाबांच्या खिशाकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांनी चार बिस्किटं खाल्ली. तिने दवाखान्याला, डोळेवाल्यांना, सगळ्यांना कळवलं होतं, की आता जमणार नाही. सरांनी फी माफ करायची तयारी दाखवली, पण ती घरी बसली.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आजी आणि मंडळी दवाखान्यात येऊन बसली आहेत. दात कोणाचाच दुखत नाही. विचारलं तर आजी म्हणाल्या, घरी भिंतीशी किती बोलायचं, आणि फसवणारी असली तरी त्या बाईच्या गोष्टी चांगल्या होत्या. ती कधी येणार? डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, गर्दी दिसते हे खरं, पण खरा रोगी आला तर त्याला बसायला जागा नाही. तुम्हीच यांना कुठेतरी न्या.

आत्या उठली आणि सरळ मॉलच्या मॅनेजरबाईंकडे गेली. म्हणाली, मोठ्या दुकानाच्या गोदामात एकोणीस सोफे धूळ खात पडलेत, तळमजला सगळा रिकामा आहे. सोफे खाली मांडा. मॅनेजरबाईंनी विचारलं, लोक तिथे काय विकत घेतील? आत्या म्हणाली, काही नाही, बसतील. मॅनेजरबाई म्हणाल्या, याला मॉल म्हणत नाहीत. आत्या म्हणाली, याला सध्या काय म्हणतात ते मला रोज दिसतंय. मॅनेजरबाईंनी खिडकीतून खाली बघितलं. खाली एक सफाई कामगार एकटाच सरकत्या जिन्यावर उभा राहून वर जात होता.

सोफे आले. पहिल्या आठवड्यात आठ माणसं होती, दोन महिन्यांत उभं राहायला जागा नव्हती. वर्तमानपत्र वाचणारे, विणकाम करणाऱ्या, बॅडमिंटनला आलेल्या मुलांचे आईबाप, आणि घरी चाललेल्या भांडणातून थोडा वेळ उठून आलेले बरेच. माझी आईसुद्धा जाते, आणि तिथे ओळख करून देताना 'या आमच्या ताई, यांच्याकडेच आहे हे सगळं' असं सांगते. लोक चार-चार तास बसतात आणि चार तासांत कोणाचं ना कोणाचं काहीतरी दुखतंच. ते वर जाऊन दाखवून येतात. डॉक्टरीणबाईंनी मदतनीस ठेवली आहे. आत्याला मॅनेजरबाईंनी रीतसर नोकरी दिली आणि छातीवर लावायला बिल्ला. बिल्ल्यावर काय लिहायचं यावर दोघींचा वाद झाला, म्हणून त्यावर सध्या काहीच लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक चप्पलवाला आला. इथे सगळे बूट काढून सोफ्यावर पाय घेऊन बसतात हे त्याने पाहिलं होतं. त्याने मऊ सपाता मांडायला एका टेबलापुरती जागा मागितली. पाच वर्षांत मॉलमध्ये उघडलेलं हे पहिलं दुकान, त्यामुळे मॅनेजरबाईंनी स्वतः फीत कापली. सपाता इतक्या खपल्या, की आता तो दुसरं टेबल मागतो आहे, आणि आजींचा त्याला विरोध आहे. त्यांचं म्हणणं, आज दुसरं टेबल आलं की उद्या तिसरं येईल, मग परत दुकान होईल, आणि आपण कुठे बसायचं? गुरुवारी यावर सगळे मिळून ठरवणार आहेत. आत्या म्हणते, टेबल येऊ द्या खुशाल, फक्त खिडकीजवळच्या तपकिरी सोफ्याला धक्का लागता कामा नये. त्याच्यावर दुपारी ती स्वतः आडवी होते.